पाच ग्रॅम मोरचुदाचा उतारा

मोरचूद आमच्या मुलांना नवा नसतो. तासगाव-मिरजेकडून कोल्हापूरला शिकायला आलेल्या पोरांनी द्राक्षबागेवर मोरचुदाचं बोर्डो मिश्रण मारलेलं असतं. म्हणून बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत मी मोरचुदापासून होणारं टेट्राअमाइन कॉपर सल्फेट आधी घेतो.

पाच ग्रॅम मोरचूद थोड्या पाण्यात विरघळवायचा आणि फ्यूम हूडखाली तीव्र अमोनिया थेंबाथेंबानं सोडायचा. आधी फिकट निळा साका येतो. प्रयोग फसला असं वाटून निम्मी मुलं इथंच हात आखडतात. सोडत राहिलं की साका विरघळतो आणि द्रावण गर्द, जांभळ्याकडे झुकणारं निळं होतं. मग बीकरच्या कडेनं अल्कोहोल सावकाश ओतायचं. (चहूबाजूंना साखर कारखाने, मळीपासून तेच निघतं, आम्हाला मात्र त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो!) या क्षाराचं अल्कोहोलशी जमत नाही. हात न लावता रात्रभर ठेवलं, तर दोन थर भेटतात तिथं लांब सुया धरतात. ढवळलं तर लगेच मिळतं, पण पीठ.

खरी परीक्षा वाळवण्याची. ओव्हन वर्ज्य, तापलं की अमोनिया उडतो. अल्कोहोलनं धुवून टिपकागदात दाबायचं, आणि आमच्याकडच्या श्रावणात टिपकागदच दमट.

"सर, साडेपाच ग्रॅम आलं! अमोनिया घातला म्हणजे वजन वाढणारच की!"

इथं मी खडू उचलतो. मोरचुदाच्या स्फटिकात तांब्याच्या एका अणूमागे पाण्याचे पाच रेणू. त्यातले चार जातात आणि अमोनियाचे चार येतात. पाण्याचा रेणू १८, अमोनियाचा १७. म्हणजे २४९.७ चे २४५.७ होतात. धातूभोवतीच्या जागा मोजक्या असतात, हे आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली मांडलं आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या पोरांना ते तराजूवर पटतं: पाच ग्रॅमचा उतारा फार तर ४.९२ ग्रॅम. त्यावरचं सगळं पाणी, नाहीतर अल्कोहोल.

जर्नलात साडेपाच दिसलं की मी गुण कापत नाही, पुडी परत देतो. चार ग्रॅम आणा, पण कोरडं आणा.