पायाखालची नक्षी

गिरगावातली जुनी इमारत पाडायला घेतली की आधी दारे-खिडक्या निघतात, मग भिंती जातात. जमीन त्यामानाने उशिरा तुटते. त्यामुळे मधला दिवस-दोन दिवसांचा काळ असा येतो की समोरच्या गॅलरीत उभ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची फरशी उघड्यावर पसरलेली दिसते. गडद तांबडी किनार, आत पिवळ्या-काळ्या चांदण्या. दोन खोल्यांमधली भिंत केव्हाच गेलेली, पण ती कुठे होती हे किनारीवरून कळते. स्वयंपाकघरात किनार नाही, नक्षीही नाही. पाहुणा जिथे बसायचा तिथेच पैसा खर्च झालेला. कोपऱ्यात पलंगाएवढा चौकोन अजून नव्यासारखा तकतकीत आहे आणि दारापासून मोरीपर्यंत एक फिकट वाट उमटली आहे.

पूर्वी ही फरशी राडारोड्याबरोबर जायची. आता कंत्राटदाराचा माणूस छिन्नीने एकेक सोडवून बाजूला थप्पी लावतो, कारण तिला गिऱ्हाईक आहे. विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, मोड्युलर किचनच्या ओट्यामागे किंवा बाल्कनीत, या चांदण्या पुन्हा बसतात. जुन्या शैलीचे पुनरागमन मुंबई-पुण्याच्या घरांत होते आहे ते बहुतेक असेच, आठ इंच बाय आठ इंचांच्या चौकोनातून.

ही फरशी भाजलेली नसते, हे तिचे पहिले वैशिष्ट्य. ती सिमेंटची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दक्षिण फ्रान्समध्ये ती निघाली आणि स्पेनने तिला डोक्यावर घेतले. गौदी या वास्तुकाराने बार्सेलोनात समुद्री जीवांची चित्रे असलेली षटकोनी फरशी योजली. आज त्या शहरातल्या पासेच द ग्रासिया या रस्त्याच्या पदपथावर तीच नक्षी आहे आणि लोक तिच्यावरून बिनदिक्कत चालतात. मुंबईत मात्र आधी इंग्लंडची भाजलेल्या मातीची मिंटन फरशी आली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती अजून पाहायला मिळते. पुढे १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत फ्लोअरिंग्ज’ काढली. पहिला कारखाना उरणला. शहर वाढत होते, आर्ट डेकोच्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना पायाखाली काहीतरी देशी हवे होते. ती कंपनी आजही नक्षीच्या फरश्या करते.

फरशी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. लोखंडी चौकटीत पत्र्याची जाळी बसवतात. नक्षीचे जितके तुकडे, तितके तिच्यात कप्पे. कारागीर पळीने एकेका कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचे पातळ मिश्रण ओततो. तांबडे इथे, काळे तिथे. मग जाळी अलगद, सरळ वर उचलायची. हात जरा हलला की एक रंग दुसऱ्यात शिरतो. त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरायचे, ते ओल शोषून घेते. मग सिमेंट-वाळूचा जाड थर घालून दाब. बाहेर आलेली फरशी पाण्यात मुरते आणि मग सुकते. भट्टी कुठेच नाही. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून पन्नास-साठ वर्षे घासूनही चांदणी पुसली जात नाही, फक्त मवाळ होते.

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या आथंगुडी गावात तर दाबयंत्रही नसते. तिथे रंग काचेच्या तुकड्यावर ओततात आणि फरशी सुकली की काच सुटून निघते. तिची झळाळी ही त्या काचेने दिलेली.

गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांतून हीच नक्षी डिजिटल छपाईने सिरॅमिकवर येते, स्वस्त आणि झटपट. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर दुरून फरक कळणारही नाही. पण छापील फरशीला जुने होता येत नाही. ती आहे तशी राहते आणि एके दिवशी तिचा टवका उडतो. ज्याला जुन्याची ओढ आहे त्याने निदान एका खोलीपुरती तरी सिमेंटची खरी फरशी घ्यावी. सगळ्या घरभर नको. जुन्या खोल्या उंच होत्या, त्यांना तेवढी नक्षी पेलायची. आजच्या साडेनऊ फुटी छताखाली चारही खोल्यांत चांदण्या पसरल्या की घर अंगावर येते.

नक्षीच्या फरशीचे एवढे कौतुक होते, पण कोकणातल्या लाल कोब्याची आठवण फार थोडे लोक काढतात. राजापूरकडच्या एका घराची ओटी अजून कोब्याची आहे. तो घालतानाचा दिवस त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी इतक्या वेळा सांगितला आहे की नातवंडांनाही तो पाठ आहे. गवंडी पहाटे आले. आदल्या दिवशीच सिमेंट आणि लाल ऑक्साइडची पूड कोरडीच, सगळीच्या सगळी एकत्र चाळून ठेवली होती; दोन वेळा मिसळले तर ओटीवर दोन लाल दिसतात. दगडांची भर, वर काँक्रीट, ते आधीच झाले होते. त्या दिवशी फक्त वरचा थर. थोरला गवंडी फळीवर उकिडवा बसून थापी फिरवत भिंतीकडून दाराकडे मागे मागे सरकत होता. घरातून चहा आला तरी त्याने हात थांबवला नाही, कारण मध्येच थांबले तर तिथे सांधा उमटतो आणि तो जन्मभर दिसतो. ओल जराशी ओसरली की पुन्हा पूड, पुन्हा थापी. दुपार कलली तेव्हा त्या थापीखालचा रंग ओल्या विटेसारखा होता. दिवेलागणीला त्यात कंदिलाची ज्योत दिसू लागली. मग उंबऱ्याला मातीचा बांध घालून आठवडाभर पाणी साठवले. तेवढे दिवस घरचे लोक मागच्या दाराने ये-जा करत होते आणि गावातली माणसे अंगणातूनच ओटी पाहून जात होती.

पण तो गवंडी जाण्यापूर्वी एक काम करून गेला. कोबा अजून कोवळा असताना त्याने दोरा ताणून, खिळ्याने, ओटीच्या उजव्या कोपऱ्यात सारीपाट आखून दिला. कुणी सांगितले नव्हते. त्या पटावर पुढे तीन पिढ्या खेळल्या. मे महिन्यात मुंबईची भावंडे आली की दुपारी तिथे पालथी पडायची, पोटाला गार लागायचे, शेजारी फणसाचे गरे आणि परातीत आठळ्या. कवड्या नसल्या की चिंचोके. आजी महिन्यातून एकदा खोबरेल तेलात चिंधी बुडवून ओटी पुसायची आणि पटाच्या रेघांत साचलेला धुरळा काडीने कोरून काढायची. इतक्या वर्षांच्या तेलाने आणि पायांनी तो रंग आता गडद, जवळजवळ जांभळट झाला आहे. एक तडा गेला आहे, पटाच्या बरोबर मधून. तो कुणी बुजवला नाही.

त्या घरात खुर्च्या दोन होत्या, त्याही डॉक्टर किंवा मामलेदार आले तर. बाकी बसणे, जेवणे, झोपणे, तांदूळ निवडणे, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे हे सगळे जमिनीवर. जमीन हेच त्या घराचे फर्निचर होते आणि म्हणूनच तिच्यावर एवढी मेहनत होती. पैसा आला तशा अनेक घरांच्या जमिनी बदलल्या: शेणाच्या सारवणावर कोबा, कोब्यावर शहाबादी, मग मोझॅक, मग पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड. राजापूरकडच्या त्या घराच्या शेजारच्या घरात कोबा छिन्नीने खरवडून त्यावर ती पांढरी फरशी बसवली आहे. पावसाळ्यात म्हातारी माणसे तिच्यावर भिंतीला धरून चालतात.

बेंगळुरू आणि केरळातले वास्तुरचनाकार हा कोबा आता नव्या बंगल्यांत मुद्दाम घालून घेतात. लॉरी बेकर यांनी तो साध्या माणसांच्या घरांत वापरला तेव्हा तो स्वस्त होता. आज महाग आहे तो हात. थापीचा अंदाज असलेला गवंडी मिळणे कठीण, आणि मिळाला तर त्याला घाई करायला लावणारे मालक पुष्कळ. मोझॅकचे त्यामानाने बरे चालले आहे. टेराझो या मूळ नावाने तो पुन्हा कॅफेंत आणि बाथरूममध्ये आला आहे. संगमरवराच्या कपच्यांतून व्हेनिसच्या कारागिरांनी काढलेला हा प्रकार सरकारी क्वार्टर्समध्ये इतका वापरला गेला की त्याचे देखणेपण लोकांना दिसेनासे झाले होते.

जमिनीवरून उठून बसायचे, तर खुर्ची. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीची मूळ आई १८५९ ची, व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटची चौदा नंबरची खुर्ची: लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत, म्हणून ती जगभर गेली. वेताच्या खुर्च्यांनाही आता नक्षीच्या फरशीसारखेच पुन्हा दिवस आले आहेत. चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात पिअर जानरे यांनी केलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि परदेशातल्या लिलावघरांत लाखोंना विकल्या गेल्या. २०११ मध्ये गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. तोवर पुष्कळ गेल्या होत्या.

वेताची खुर्ची घेताना ती उलटी करून पाहावी. बैठकीच्या चौकटीला खालून ओळीने भोके असली, तर ती हाताने विणलेली: आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, मग दोन्ही तिरके, आणि शेवटी कडेची गोठ. त्यातून अष्टकोनी जाळी होते. खालून भोके नसली आणि वरून कडेच्या खाचेत चेपून बसवलेली पट्टी दिसली, तर ती कारखान्यात विणलेल्या तयार जाळीची. तीही वाईट नाही, पण जाळी सैल पडली की पूर्ण काढावी लागते. हाताच्या विणीचे काम आपल्याकडे कितीतरी वर्षे अंध कारागिरांनी सांभाळले. अंधशाळांमध्ये ते शिकवले जाई आणि रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणण्याच्या जागा त्यांच्यासाठी राखीव असत. प्लॅस्टिकच्या आणि फोमच्या खुर्च्या आल्या तसे ते काम आटले. आता गिऱ्हाईक पुन्हा विचारू लागले आहे. जुन्या खुर्चीची बैठक फाटली असेल तर ती टाकू नये. जवळपासच्या अंध संस्थेत चौकशी करावी, आणि विणून मिळेपर्यंत थोडे थांबावे.