न मिटलेले खाते

व्यापारी घराण्यात पूर्वजांची स्मृती दोन ठिकाणी नांदते: वडीलधाऱ्यांच्या तोंडी आणि दुकानाच्या चोपड्यांत. या दोहोंचा मेळ बसेनासा झाला की शोधाला आरंभ होतो. आमच्या घरी धाकट्या पणजोबांच्या बाबतीत हा मेळ तीन पिढ्या बसला नव्हता.

आमचे कुळ हालारी वीसा ओसवाळ, जामनगर परिसरातील बावन्न गावांपैकी एका गावचे. संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळाने तेथील शेतीचा कणा मोडला. पणजोबा मुंबईमार्गे भिवंडीस आले. त्यांचे धाकटे बंधू पूर्व आफ्रिकेस गेले. काही जण म्हणत, त्यांचे गलबत बुडाले. काही जण म्हणत, त्यांनी तिकडेच दुसरा संसार थाटला. धाकट्या पणजी मात्र गावच्या घरी राहिल्या. कोणतीही वार्ता न आल्याने त्यांनी कपाळाचे कुंकू अखेरपर्यंत पुसले नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या, तेव्हाही त्या सुवासिनी की विधवा, याचे उत्तर घरात कोणापाशी नव्हते.

परदेशी गेलेल्या पूर्वजांचा शोध म्हटला की प्रथम जहाजांच्या प्रवासी-याद्या आठवतात. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा याद्यांचा मोठा संग्रह आहे. परंतु तो ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या व तेथून निघणाऱ्या जहाजांचा. मुंबईहून थेट मोंबासास गेलेला माणूस त्यात यावयाचा कसा? १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेच्या बांधकामासाठी सुमारे ३२,००० भारतीय मजूर करारावर नेले गेले. त्यांची नोंद सरकारने ठेवली, कारण ते सरकारच्या कराराने बांधलेले होते. आपले लोक स्वतःच्या भाड्याने गेले. मांडवी, पोरबंदर, बेडी या बंदरांतून हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर गलबते निघत आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाले की परतत. जो कोणाचा बांधील नव्हता, त्याचे नाव लिहून ठेवण्याची गरजही कोणास वाटली नाही.

जनगणनेचा मार्गही आपल्याकडे फार दूर जात नाही. ब्रिटनमध्ये १९२१ ची जनगणना शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, नावानिशी खुली झाली. भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी जैनांची संख्या मोजली गेली. मात्र मिळतात ते आकडे, नावे नव्हेत. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणासही नाही.

तेव्हा शोध वळला तो घरच्या चोपड्यांकडे. लाल कापडी बांधणीची ती खतावणी वाणियाशाई लिपीत आहे. या लिपीत शिरोरेषा नाही, काना-मात्रांचाही भरवसा नाही. ‘काका अजमेर गया’ हे ‘काका आज मर गया’ असे वाचल्याचा विनोद आपल्या घराघरांत सांगितला जातो. आमच्या घरी तो विनोद कोणी सांगत नसे.

त्या खतावणीत धाकट्या पणजोबांच्या नावे स्वतंत्र खाते आहे. किसुमूच्या एका भागीदारी पेढीमार्फत आलेल्या रकमा त्यात जमा आहेत. गावी पणजींना पाठविलेला खर्च नावे टाकला आहे. शेवटची जमा श्रावण १९७५ ची. त्यानंतर शिल्लक वर्षानुवर्षे पुढे ओढली आहे. पणजोबांनी तिला हात लावला नाही, आणि खातेही मिटविले नाही.

पेढीचे नाव हाती आले आणि दार उघडले. पूर्व आफ्रिकेचे सरकारी राजपत्र १८९९ पासून निघत असे. भागीदारी मोडल्याची, दिवाळ्याची आणि मयतांच्या मालमत्तेची जाहीर सूचना त्यात छापली जाई. आज त्याचे जुने अंक संगणकावर वाचता येतात. १९१९ च्या एका अंकात आम्हांला ती सूचना सापडली: नाव, वडिलांचे नाव, किसुमूची तीच पेढी, आणि मृत्यू फेब्रुवारी १९१९ मधील. कोणाचे देणे-घेणे असल्यास मुदतीत कळवावे, असे इंग्रजीत आवाहन होते. हालारातील खेड्यात ते कोण वाचणार?

तरीही एक विसंगती उरली. गुजरातच्या कार्तिकी संवताप्रमाणे श्रावण १९७५ म्हणजे ऑगस्ट १९१९. मग मृत्यूनंतर सहा महिन्यांनी पैसे आले कसे? उत्तर चोपडीच्या पहिल्याच पानावर होते. पूजन आषाढातले होते. कच्छ-हालारात संवत आषाढात बदलतो. त्या गणनेने श्रावण १९७५ म्हणजे ऑगस्ट १९१८. मृत्यूपूर्वी सहा महिने त्यांनी घरी शेवटची रक्कम पाठविली होती. नाव, पेढी आणि काळ, तिन्ही जुळले.

म्हणजे गलबत बुडाले नव्हते. पहिले घर विसरून त्यांनी दुसरे थाटल्याचा प्रवादही टिकत नाही. जिवंत होते तोवर ते पणजींसाठी पैसे पाठवीत राहिले. बत्तीस वर्षे त्या ज्यांची वाट पाहत होत्या, त्यांनी त्यांना टाकले नव्हते. हे त्यांना सांगावयास आज कोणी उरलेले नाही, याचे दुःख शोधाच्या आनंदाहून मोठे आहे.

पणजींचे नाव राजपत्रात नाही, खतावणीतही नाही. तेथे केवळ ‘घरखर्च’ असा शब्द आहे. ते मिळाले गावच्या देरासरातील संगमरवरी तक्तीवर, वर्षीतप पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत. राज्याने कर, कर्ज आणि मृत्यू लिहिले. धर्मस्थानाने तप लिहिले. पुरुषांचा माग पहिल्या नोंदींत लागतो, स्त्रियांचा बहुधा दुसऱ्या.

कुटुंबातील सर्वांच्या संमतीने ती शिल्लक रक्कम, आजच्या मानाने योग्य भर घालून, गावच्या पांजरापोळीस दिली. पावती दोघांच्या नावे आहे, पणजींचे नाव प्रथम. खतावणीतील खाते मात्र आम्ही मिटविले नाही. ज्या हाताने ते उघडे ठेवले, त्याचा तो अधिकार होता.

वाचकांना एवढीच विनंती, की दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी थांबावे. वाणियाशाई वाचणारे हात आता थोडे उरले आहेत. जो वडीलधारा ती लिपी जाणतो, त्याच्याजवळ चोपडी घेऊन बसावे. पहिले पान, पेढ्यांची नावे आणि पूजनाची तिथी आधी उतरून घ्यावी. हिशेब चुकता करणे हा आपला कुलाचार आहे. पूर्वजांचा हिशेबही त्यातून वगळता येत नाही.