मोजलेलं मैदान

धनुर्विद्येला राष्ट्रीय संघटना कशाला हवी, असं आमच्या सोनाळ्यात कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. गावाच्या उत्तरेला सातपुडा, डोंगरात अंबाबरवाचं जंगल, आणि त्या पट्ट्यातल्या कोरकू, भिल्ल, निहाल वस्त्यांमध्ये तीरकमठा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. बांबूची कमान, बांबूच्याच पट्टीची दोरी. नेम शिकवायला तिथे शिबिर लागत नव्हतं. मी पोरांना मैदानावर चुन्याची रेघ मारायला लावली, तेव्हा डोंगराकडून आलेला एक म्हातारा बराच वेळ बघत उभा होता. शेवटी म्हणाला, ‘‘जंगलात कोन मोजते, बाप्पा? लागलं का नाही, एवढंच पाहाचं.’’

त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. पण प्रशिक्षक म्हणून आणि पंच म्हणून या खेळात वावरताना माझी खात्री होत गेली, की संघटना खेळाला जे काही देते त्यात सर्वांत मोलाचं असतं ते मोजमाप. नेम सोनाळ्यात आहे, झारखंडात आहे, राजस्थानच्या डोंगरातही आहे. पण सोनाळ्याच्या पोरीने मारलेले सहाशे गुण दिल्लीतही सहाशेच धरले जावेत, यासाठी कुणीतरी अंतर ठरवावं लागतं, कागद ठरवावा लागतो, आणि पंचाची सही सगळ्यांना मान्य असावी लागते.

ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याचं अंतर ७० मीटर. टार्गेटचा कागद १२२ सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. बाण ७२, गुण जास्तीत जास्त ७२०. हे आकडे आज पाठ असतात, पण त्यांच्यावर जगाचं एकमत व्हायला फार वेळ लागला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्या होती, पण आली फक्त बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स. नियम यजमानांच्या देशातले, मग बाकीच्यांनी कशाला यावं? त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमधून गेला तो ५२ वर्षांसाठी. मधल्या काळात, १९३१ साली, तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या ल्वुव शहरात सात देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि सगळ्यांना चालेल असा नियमांचा संच बांधत आणला. तो पुरेशा देशांत रुजला तेव्हा, १९७२ मध्ये, म्युनिकला धनुर्विद्या परत आली.

भारतीय तिरंदाजी संघटना लगेच पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये स्थापन झाली. आम्हा सातपुड्याच्या लोकांना ही वर्षं आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटतात. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७४ मध्ये शेजारचं मेळघाट व्याघ्र प्रकल्पात गेलं. पुढे १९९७ ला अंबाबरवा अभयारण्य झालं. म्हणजे ज्या दोन-तीन वर्षांत जंगलातला बाण गुन्हा ठरला, त्याच वर्षांत मैदानावरच्या बाणाला देशात संघटना मिळाली. जंगल वाचायलाच हवं होतं, कायदा योग्यच होता. पण एका हाताने काढून घेतलेलं दुसऱ्या हाताने द्यायची संधी तेव्हा समोर होती. डोंगरातल्या पोरांच्या हातातलं कसब मैदानावर आणण्याची ती संधी आपण फार उशिरा घेतली, आणि घेतली तीही थोड्याच ठिकाणी.

घेतली तिथे काय झालं ते देशाने पाहिलं. ऐंशीच्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी आणि दुर्गम भागांत खास खेळाडू शोधमोहीम काढली. त्यातून राजस्थानचा लिंबाराम हा आदिवासी मुलगा सापडला. १९८८ साली सोलला भारताचे तिरंदाज पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरले. लिंबाराम, श्यामलाल आणि संजीव सिंग. चारच वर्षांनी, १९९२ मध्ये, बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत लिंबारामने ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली. छत्तीस बाणांत फक्त दोन गुण गेले! मी हा आकडा पोरांना सांगतो तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही. ती गप्प होतात, कारण तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात आपला आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहिलेला असतो. मोजमापाचा हा फायदा मी रोज बघतो. १९९२ चा लिंबाराम आज इथल्या पोराच्या बाजूला उभा राहू शकतो.

संघटनेच्या कारभारातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे इंडियन राउंड. तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसं येत नाही. जगात स्पर्धा होतात त्या मुख्यतः रिकर्व्ह आणि कंपाऊंड धनुष्यांच्या. पण आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत तिसरा गट असतो, बांबूच्या धनुष्याचा. त्यात ५० आणि ३० मीटरवरून बाण मारायचे. साईट नाही, स्टॅबिलायझर नाही. स्पर्धेच्या दर्जाचं रिकर्व्ह किंवा कंपाऊंड बाणांसकट घ्यायचं तर खर्च लाखांत जातो, आणि बहुतेक सामान परदेशातून येतं. कापसाच्या दोन-चार एकरांवर चालणाऱ्या घरात हा विषय काढणंही अवघड असतं. इंडियन राउंडचा सेट मात्र त्या मानाने अगदी थोडक्यात मिळतो. त्यामुळे सोनाळ्यातलं पोर जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकतं. तिथल्या प्रमाणपत्राला वजन असतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि आमच्याकडे पालक पोराला मैदानावर पाठवतात त्यामागे हे कारण पुष्कळदा असतं. त्यात कमीपणा मानायचं मला काही कारण दिसत नाही. पोटाचा प्रश्न सुटतोय म्हणून का होईना, पोर चार वर्षं एका रेघेवर उभं राहिलं तर त्यातूनच एखादा तिरंदाज निघतो.

अडचण पुढे आहे. बांबूच्या धनुष्यावर पोराचा अँकर, म्हणजे दोरी ओढल्यावर हात टेकण्याची जागा, पक्का झाला, श्वास जमला, रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, सुटसुटीत झालं, की त्याला पुढच्या धनुष्यावर जायला हवं. पण तिथवर नेणारा जिनाच नाही. इंडियन राउंडमध्ये राज्यात चमकलेली मुलं त्याच गटात म्हातारी होतात, कारण पुढची पायरी लाखाची आहे. झारखंडात टाटांनी १९९६ साली जमशेदपूरला अकादमी काढली आणि दीपिका कुमारी तिथेच घडली. २०१२ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. गरीब घरातली मुलगी आणि चांगलं धनुष्य यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहिलं तर काय होतं, हे दीपिकाने दाखवलं. आमच्या भागात असं उभं राहणारं कुणी नाही.

दिल्लीत मात्र वेगळ्याच लढाया चालल्या होत्या. संघटनेचं अध्यक्षपद जवळपास चार दशकं विजयकुमार मल्होत्रांकडे होतं. संघटना उभी राहिली, वाढली ती त्यांच्याच काळात, हे नाकारू नये. पण एकच माणूस इतकी वर्षं खुर्चीत असला की खालच्या माणसाचा आवाज वरपर्यंत जायचे रस्ते बुजतात. २०१२ च्या निवडणुकीत सरकारची क्रीडा संहिता पाळली गेली नाही म्हणून केंद्राने डिसेंबरमध्ये संघटनेची मान्यता काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. संघटनेची घटना दुरुस्त करायला माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांना प्रशासक नेमावं लागलं. जून २०१९ मध्ये दोन गटांनी दोन शहरांत दोन निवडणुका घेतल्या. आता खरी संघटना कुठली? जागतिक महासंघाने त्या ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केलं.

त्या वर्षाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धा झाली. आपले तिरंदाज तिथे जागतिक महासंघाच्या झेंड्याखाली, तटस्थ म्हणून खेळले. दीपिकाने ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, अंकिता भकतने रौप्य, आणि भारताला टोकियोची जागा मिळाली. मानपानाच्या भांडणात गुंतलेल्या मोठ्या माणसांची चूक खेळाडूंनी बाण मारून भरून काढली. जानेवारी २०२० मध्ये नवी निवडणूक झाली, अर्जुन मुंडा अध्यक्ष झाले, आणि काही दिवसांत निलंबन उठलं. केंद्राची मान्यता परत मिळायला नोव्हेंबर उजाडला. आठ वर्षं. आठ वर्षांत बारा वर्षांचं पोर वीस वर्षांचं होतं, म्हणजे तिरंदाजाचा घडण्याचा सगळा काळ गेला. मान्यता नसली की निधी, शिबिरं, प्रमाणपत्राचं वजन, सगळ्याबद्दल शंका सुरू होते. ‘सर, हे सर्टिफिकेट चालेल ना?’ या प्रश्नाला छातीठोक उत्तर देता येत नाही, तेव्हा प्रशिक्षक हतबल होतो.

त्यानंतर जे झालं ते महाराष्ट्राने केलं, असं मी जरा अभिमानानेच म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला खेळला. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकारने कंपाऊंडच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. श्लोसर तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. पंधरा बाणांत फक्त एक गुण सोडायचा आणि तरीही एकाच गुणाने जिंकायचं, हा या खेळाचा आजचा दर्जा आहे. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी वैयक्तिक विश्वविजेती झाली. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे तयार झालेले. पुढे हांगझोऊच्या आशियाई खेळांत पुरुषांच्या कंपाऊंड संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात अभिषेक वर्माबरोबर ओजस आणि प्रथमेश, म्हणजे तिघांत दोन विदर्भाचे.

हे सारं यश बहुतेक कंपाऊंडमधलं आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. कंपाऊंडमध्ये चाकांची यंत्रणा असते, दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा बराचसा भार कमी होतो आणि नेमाला वेळ मिळतो. अंतर ५० मीटर, कागद लहान. चांगला प्रशिक्षक आणि चांगलं धनुष्य असेल तर तालुक्याच्या गावातूनही जागतिक दर्जाला पोचता येतं, हे साताऱ्याने सिद्ध केलं. ऑलिंपिकमध्ये मात्र १९७२ पासून आजवर फक्त रिकर्व्ह होतं. तिथे भारताला अजून एकही पदक नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत मिश्र सांघिकमध्ये चौथे आले, तीच आपली सर्वांत जवळची वेळ. आता २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेतली जाणार आहे. महाराष्ट्रासाठी ही बातमी फार मोठी आहे आणि तिची तयारी आत्ताच सुरू व्हायला हवी.

राष्ट्रीय संघटनेची वाढ पदकांच्या आकड्यावरून सांगतात. मी एक वेगळा आकडा धरतो, तो म्हणजे निवड चाचणीला पोचण्यासाठी पोराला किती किलोमीटर जावं लागतं. सोनाळ्याहून बुलढाणा शंभरेक किलोमीटर. पहाटे निघायचं, एसटी बदलत जायचं, धनुष्य मांडीवर सांभाळायचं, आणि उतरल्यावर सरावाचे चार बाण मारून थेट चाचणीला उभं राहायचं. मुलींच्या बाबतीत सोबतीला घरचं माणूस हवं, म्हणजे त्या दिवसाची त्याची मजुरी बुडाली. अशा दिवशी आलेले गुण त्या पोरीचे खरे गुण असतात का? पंच म्हणून मी ते कागदावर लिहितो, कारण नियम तसा आहे. प्रशिक्षक म्हणून मला ते पटत नाही.

जिल्हा संघटनांना जिथे जिथे भेटतो तिथे तीन गोष्टी मागतो. इंडियन राउंडमधून पुढे आलेल्या मुलांसाठी जिल्ह्याने काही रिकर्व्ह आणि कंपाऊंड धनुष्यं स्वतःच्या मालकीची ठेवावीत आणि ती वर्षभर वापरायला द्यावीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांत आदिवासी आश्रमशाळांतून पंच आणि प्रशिक्षक तयार करावेत. आणि वर्षाआड तरी जिल्हा निवड चाचणी डोंगराच्या बाजूला घ्यावी. थंडीत इथे सकाळी वारा उतरतो तो नऊ-साडेनऊला पडतो, पंचांनी त्यानुसार वेळ ठरवावी. कापूस वेचून झालेलं सपाट शेत आहे, पाठीमागे बाण अडवायला मातीचा बांध आहे. टार्गेटचा कागद लावायचे बट आम्ही गवताच्या पेंढ्या आवळून बांधू, आणि बाहेरून आलेल्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गाव करेल. संघटनेने फक्त तारीख द्यावी.