हवेची शिदोरी

सत्तरीतील आमच्या कुलदेवतेच्या देवळाकडे जाणारी शेवटची वाट पावसाळ्यात निव्वळ चिखलाची. अशा वाटेवर जीपच्या चाकांतील हवा कमी करावी लागते. चौरस इंचास ३० पौंडांचा दाब १८ वर आणला की टायर पसरतो आणि सहजी रुतत नाही. परंतु तशाच सैल चाकांनी डांबरी रस्त्यावर वेगाने गेल्यास टायर तापून फुटण्याचे भय. गेल्या श्रावणात वृद्ध आई गाडीत बसलेली, अंधार पडलेला, आणि मी भर पावसात पायपंपाने चारी चाके भरीत होतो. तिला तासभर ताटकळावे लागले, ही टोचणी मनात राहिली.

म्हणून यंदा गाडीतच हवेचा कॉम्प्रेसर बसवून घेतला. मिस्त्रीने तो इंजिनाशेजारी, ओढ्याचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर पक्का केला. बॅटरीपासून थेट जाड तार ओढली. मी घाई करू लागलो, तेव्हा बॅटरीजवळ फ्यूज घालीत तो म्हणाला, "वकीलसाहेब, हा नसेल तर घासलेली एक तार गाडी जाळील."

तडजोडीस आलेल्या पक्षकारांना 'नमते घ्या' असे मी नेहमी सांगतो. नमल्यावर पुन्हा ताठ कशाच्या बळावर व्हायचे, हे मात्र कधी सांगितले नव्हते.

यंदा परतताना चाके वीस मिनिटांत भरली. आई म्हणाली, "एवढ्यात झालं?"