तगरचे कापड कुठे गेले?

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तलवारी आणि राजे उभे राहतात. राबणाऱ्या माणसाचा इतिहास पाहायचा असेल तर धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी जावे. 1982 पर्यंत लातूरही याच, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेरणाकाठचे हे गाव संत गोरा कुंभारांचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, याच गावाचे नाव तगर होते व येथील माल पार रोमच्या बाजारापर्यंत जात असे, हे थोड्यांनाच माहीत असते.

आम्ही नांदेड व लातूरची सहा कुटुंबे एका रविवारी तेरला जाऊन आलो. नांदेडकर मंडळी लोहा-अहमदपूरमार्गे एस.टी.ने आदल्या रात्री लातूरला मुक्कामी आली. सकाळी भाकरी-पिठल्याचे डबे बांधून मुरूड-ढोकीमार्गे सर्व निघालो. बायका-मुले धरून आम्ही सव्वीस जण होतो.

तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयास कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पाऊस पडून गेला की त्यातून मणी, नाणी, खापरे उघडी पडत. इतर लोक ज्यावरून पाय देऊन जात, ते लामतुरे यांनी वर्षानुवर्षे वेचले व जपले. हजारो वस्तूंचा हा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यातूनच हे संग्रहालय उभे राहिले.

आत शंखाच्या बांगड्या आहेत, रंगीत मणी आहेत, सातवाहनांची नाणी आहेत, मातीचे दिवे आहेत. पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत घडवून जोडलेल्या, आतून पोकळ आहेत. त्यांची केशरचना व दागिने पाहून आमच्या भगिनी बराच वेळ तेथून हलेनात. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर जगप्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी तेरच्या मूर्तीचे जवळचे साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही तशीच मूर्ती मिळाली आहे. म्हणजे ज्या मराठवाड्याला आपण मागास म्हणून ऐकत आलो, त्या भागातील कारागिरी इटलीतल्या मूर्तीशी नाते सांगते.

दगडी पाटे-वरवंट्यांपाशी मात्र आमच्यातील औसा तालुक्यातल्या मावशी थबकल्या. "आमचा बी पाटा असाच व्हता. भूकंपात गेला त्यो, अजून मातीतच आसंल," एवढेच त्या म्हणाल्या. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आमच्यापैकी कोणीच विसरलेले नाही. त्यामुळे जमिनीखाली गाडलेला संसार म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

'पेरिप्लस' नावाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर, आणि येथून पुष्कळ जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जाते, असे त्यात नोंदले आहे. हे वाचून दाखविल्यावर आमच्यातील नववीत शिकणाऱ्या मुलीने विचारले, "काका, मग ते कापड कुठल्या कपाटात आहे?"

ते कोणत्याच कपाटात नाही. कापड कुजते, मातीत मिसळते. मूर्ती, मणी व नाणी टिकली; पण ज्या मालावर हे शहर मोठे झाले तोच माल उरला नाही, आणि तो विणणाऱ्यांची नावेही उरली नाहीत. आमच्यापैकी दोघांचे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. ती गिरणीही आता बंद आहे. त्यांपैकी एक जण म्हणाले, "वडिलांचा हजेरीचा बिल्ला कुठेतरी पेटीत होता. घरी गेल्यावर शोधतो."

तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. त्याचा पाया आऱ्या असलेल्या चाकाच्या आकाराचा आहे. असेच चक्राकार स्तूप आंध्रात नागार्जुनकोंड्याला आहेत. आपल्या बांधवांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून मागील बाजूस चैत्यगृहासारखे अर्धगोल आहे. ते मूळचे बौद्ध चैत्य असावे, असे मत हेन्री कझिन्स या संशोधकाने मांडले होते. सर्वच अभ्यासकांना ते मान्य नाही. आपणही जेवढा पुरावा असेल तेवढेच बोलावे. खऱ्या स्तूपाचा पाया असताना वाढवून सांगण्याची गरज काय? मुलांना तर सर्वांत आवडली ती तेरची पाण्यावर तरंगणारी हलकी वीट. मातीत भाताचे तूस मिसळून भाजल्याने ती हलकी होते. तूस जळून जाते व आत बारीक पोकळ्या राहतात.

परतताना ढोकीपासून जवळच असलेल्या कसबे तडवळ्यास थांबलो. फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब या गावी आले होते. एका दिवसात दोन्ही गावे सहज पाहून होतात.

वाचक बंधू-भगिनींनी मुलाबाळांसह तेरला अवश्य जावे. निघण्यापूर्वी संग्रहालय उघडे असल्याची चौकशी करावी. पांढरीत काही सापडल्यास खिशात न घालता संग्रहालयात द्यावे. आणि घरच्या पेटीतील जुने बिल्ले, फोटो, परिषदांची पत्रके रद्दीत घालू नयेत. प्रत्येकाच्या मागे पेनने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. आम्ही सहा कुटुंबांनी तेवढे काम येत्या दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरविले आहे.