तिकिटाचे तेरा आकडे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो हे तुला त्याच रात्री कळवलं. परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सामान आलं, तुझ्या आईची पाठ थोडी धरली होती, तीही आता सुटली. पण तुझ्याकडे येताना व्हिएन्नाच्या विमानतळावर जे झालं त्यावर आपण दोघं अजून बोललो नाही. तुझ्या घरी महिनाभर होतो, रोज एकत्र जेवत होतो, तरी तो विषय निघाला की तू ताटं उचलायला उठायचीस. फोनवर बोलायला गेलो तर माझा आवाज चढतो आणि तुझा गप्प होतो. म्हणून हे पत्र.

त्या प्रवासाबद्दलचा फेब्रुवारीतला तो ईमेल आठवतो ना? बुकिंगला माझाही पत्ता दिलेला, म्हणून तुझ्याआधी मी वाचला. फ्रँकफर्टहून टोरांटोचं आमचं विमान कंपनीने रद्द केलं होतं. खाली दोन बटणं होती. एक, दोन दिवसांनंतरचं विमान मान्य करा. दुसरं, प्रवास रद्द करून माइल्स, म्हणजे तुझ्या विमानप्रवासांतून साठलेले आणि या तिकिटावर खर्च केलेले गुण, परत घ्या. मला वाटलं, माइल्स परत देतायत, घेऊन टाकू, पोरगी पुन्हा काढेल तिकीट. बरं झालं तुला आधी फोन केला. "बाबा, कशालाही हात लावू नका!" तू इतक्या जोरात ओरडलीस की तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग तू मला समजावलंस. मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना, तिथे चार दिवस मुक्काम, मग व्हिएन्ना ते फ्रँकफर्ट आणि शेवटी टोरांटो. चार विमानं, पण तिकीट एकच. तिकीट एका कंपनीच्या माइल्सवर काढलेलं आणि उडवणारे दुसरेच. माइल्सवर द्यायच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच सोडतात. आपण परत घ्यायचं बटण दाबलं असतं, तर माइल्स खात्यात आले असते, पण त्या जागा पुन्हा त्या भावात मिळाल्या नसत्या. आणि एकदा आपणच प्रवास मोडला की दुसऱ्या विमानात बसवण्याची त्यांची जबाबदारीही संपते. दोन दिवसांनंतरचं विमान घ्यायचं तर आमच्या शेंगेन व्हिसावरचे दिवस संपत होते. ते तुझ्या लगेच लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं.

मी पस्तीस वर्षं पुणे स्टेशनच्या आरक्षणाच्या खिडकीमागे बसलो, तरी हे मला नवीन होतं. फक्त मुक्कामाची गोष्ट ओळखीची वाटली. आपल्याकडे रेल्वेचं पाचशे किलोमीटरच्या वरचं तिकीट असलं की वाटेत एकदा उतरून प्रवास खंडित करता येतो, हजाराच्या वर दोनदा. तुमच्याकडे विमानाच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर नुसती बदली, त्याच्या वर राहिलात तर मुक्काम. तुझ्या आईचा बेल्व्हेडेरमधल्या क्लिम्टच्या 'द किस'साठी केवढा हट्ट होता! तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, ते चित्र नेहमी कॅलेंडरच्या कागदावर पाहिलेलं. त्या एका चित्रासाठी तू अख्खं तिकीट वळवलंस. ती चाळीस मिनिटं त्याच्यासमोर उभी होती, बाळा. एक शब्द बोलली नाही. हे तुला तिने सांगितलं असेलच, पण मी पाहिलं ते वेगळं. ती रंगांकडे नाही, त्या बाईच्या पायाशी असलेल्या फुलांकडे बघत होती आणि उजव्या हाताचं बोट हवेत हळूहळू फिरवत होती.

तर फेब्रुवारी. तू काय केलंस ते मी अजून लोकांना सांगतो. दोन रात्री बसून त्याच दिवशीची, त्याच मार्गावरची, कंपनीच्या आणि तिच्या भागीदारांच्या सगळ्या विमानांची यादी काढलीस. व्हिएन्नाहून सकाळी लवकर निघणारं एक आणि फ्रँकफर्टहून पुढचं एक, असं हेरलंस. मग दीड तास फोन धरून बसलीस आणि माणूस लाइनवर आल्यावर "काहीतरी करा हो" म्हणाली नाहीस, थेट विमानाचा क्रमांक आणि तारीख दिलीस. माझ्या खिडकीवर हेच असायचं. "साहेब, कुठल्याही गाडीचं द्या" म्हणणाऱ्याला काय द्यायचं, ते मला कळायचं नाही. फॉर्मवर गाडीचा नंबर, पर्यायी गाडी, तारीख लिहून आलेल्या माणसाला मी नियमात बसेल तेवढं सगळं द्यायचो. आतल्या माणसाला काम सोपं करून दिलं की तो आपल्या बाजूचा होतो. हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं. कुठून आलं तुझ्यात?

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर नवीन विमानं आली, पुढे 'कन्फर्म्ड' लिहिलेलं. मी विचारलं, "नवीन तिकीट निघालं का?" आणि तू म्हणालीस, "बाबा, ते तुमच्या रेल्वेत असायचं."

ते मला लागलं. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो.

मी १९७८ साली लागलो तेव्हा संगणक नव्हते. पुठ्ठ्याचं तिकीट वेगळं आणि जाडजूड रजिस्टरमध्ये लिहिलेलं आरक्षण वेगळं. रजिस्टरमध्ये नाव आहे पण हातात तिकीट नाही, असा माणूस गाडीत विनातिकीटच. तिकीट आहे पण रजिस्टरमध्ये नाव नाही, त्याला बर्थ नाही. दोन्ही जुळायला लागतात. विमानातही हेच आहे, हे मला नंतर कळलं. तुमचा तो सहा अक्षरी पीएनआर म्हणजे आमचं रजिस्टर. तिकीट म्हणजे तेरा आकड्यांचा नंबर, पहिले तीन आकडे ते काढणाऱ्या कंपनीचे. त्या नंबरखाली प्रत्येक विमानाचं एकेक कुपन. पूर्वी ही कुपनं खरोखरच्या पुस्तिकेत असायची, टप्प्याटप्प्याला एकेक फाडून घ्यायचे. २००८ च्या जूनपासून कागद गेला, कुपनं संगणकात राहिली. विमान बदललं की आरक्षण बदलतं, पण तिकीट आपोआप बदलत नाही. कुणीतरी ते नव्याने काढावं लागतं. तुझ्या त्या फोनवरच्या माणसाने आरक्षण बदललं आणि पुढचं काम तसंच सोडलं.

मुंबईला काही कळलंच नाही, कारण पहिली दोन कुपनं जुनीच होती, जशीच्या तशी चालली. तिसरं आणि चौथं जुन्या विमानांच्या नावावर पडून होतं.

व्हिएन्नात पहाटे साडेपाचला काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमचं आरक्षण दिसतंय, तिकीट जुळत नाही. अगदी शांतपणे म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे वाक्य मी स्वतः शेकडो लोकांना त्याच आवाजात सांगितलेलं आहे. तुला फोन लावला. तुझ्याकडे रात्रीचे साडेअकरा. तुझ्या एका फोनवर आम्ही, दुसऱ्यावर माइल्सवाली कंपनी. कंपनी म्हणते, उड्डाणाला चोवीस तासांपेक्षा कमी उरले, आता विमानतळावरच्यांनी बघायचं. विमानतळावरची मुलगी म्हणते, तिकीट त्यांनी काढलंय, बदलायचंही त्यांनीच. तास गेला. सकाळचं विमान गेलं. तुझी आई बॅगेवर बसली होती. तिने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला आणि पहिला लाडू माझ्या हातात ठेवला. का ते तिलाच माहीत.

मुक्ता, आता जे लिहितोय ते नीट वाच. स्पीकरवर तुझा आवाज येत होता. तू त्या माणसाला म्हणालीस, "मला कल्पना आहे, हे नुसतं रिवॉर्डचं तिकीट आहे, पण..." नुसतं? आणि आवाज खाली गेला तुझा. लहानपणी शेजारच्या घरी टीव्ही बघायला जाताना दारात उभी राहायचीस, तसा.

त्या माइल्सचं काय झालं होतं ते तुला आठवतं की नाही? सहा वर्षं दर सोमवारी पहाटे तू कामासाठी विमानात. कॅल्गरी, ह्यूस्टन, पुन्हा कॅल्गरी. तुझा रविवारचा फोन यायचा तेव्हा मागे विमानतळावरच्या घोषणा चालू असायच्या. तुझी आजी विचारायची, "हिला घर नाही का गं?" आजी गेली तेव्हा तू एका प्लँटवर पंप सुरू करून देत होतीस, येऊ शकली नाहीस. त्यावरून मी तुला तेव्हा बोललो होतो, ते चुकलंच माझं. त्या सगळ्या रात्रींचे मिळून १,८०,००० माइल्स झाले आणि ते तू आम्हा दोघांवर खर्च केलेस. याला फुकट म्हणतात?

रेल्वेच्या पासवर आपण कन्याकुमारीला गेलो होतो. डब्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तुमचं काय, फुकटचा प्रवास." तू आठ वर्षांची होतीस, मला विचारलंस, आपण फुकट चाललोय का? मी तुला सांगितलं होतं, तो पास माझ्या नोकरीचा भाग आहे, रात्रपाळ्यांचा आहे, आणि टीसी आला की ताठ बसायचं. तू बसली होतीस ताठ, फ्रॉक सारखा करून.

तुझ्याकडे आल्यावर मी रात्री जागून काय वाचत होतो, असं तू विचारायचीस. रेल्वेच्या भाड्याच्या नियमांचं, कोचिंग टॅरिफचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा माणूस मी, मला नियम वाचल्याशिवाय चैन पडत नाही. युरोपियन युनियनचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम वाचत होतो. त्याच्या तिसऱ्या कलमात आहे, फुकट प्रवास करणाऱ्यांना हा नियम लागू नाही. आणि लगेच पुढे आहे, पण फ्रीक्वेंट फ्लायर योजनेवर काढलेल्या तिकिटांना लागू आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही त्याला फुकट म्हटलेलं नाही. युनियनमधल्या विमानतळावरून निघणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, ते रद्द केलं तर परतावा घ्यायचा की दुसऱ्या मार्गाने जायचं, ते प्रवाशाने ठरवायचं. त्यांनी नव्हे. लांबच्या प्रवासाला सहाशे युरोंपर्यंत नुकसानभरपाईही आहे, पण रद्द झाल्याचं चौदा दिवस आधी कळवलं असेल तर ती मिळत नाही. आपल्याला तीन महिने आधी कळवलं होतं, म्हणून तिच्यासाठी भांडण्यात अर्थ नव्हता. नेऊन पोचवण्याचा हक्क मात्र पूर्ण होता. तो तू मागायला हवा होतास, विनवायला नको होतंस.

असो. तूही रात्रभर एकटी लढत होतीस, हे मला दिसत होतं.

मग मला सुचलं ते मी माझ्या खिडकीच्या अनुभवावरून केलं. त्या मुलीला म्हटलं, बाई, तुमच्या पडद्यावर नेमकं काय चुकलंय तेवढं मला कागदावर लिहून द्या. तिने बोर्डिंग पासच्या कोऱ्या पट्टीवर लिहून दिलं. जुन्या तिकिटाचा नंबर, कुपन तीन आणि चार जुन्या विमानांवर, तिकीट नव्याने काढणे आवश्यक. ते मी तुला वाचून दाखवलं, तू त्या माणसाला. तुझ्या तिसऱ्या फोनवर लाइनवर आलेला माणूस बरा होता, त्याला काय करायचं ते लगेच कळलं. आधी दुपारच्या म्युनिकमार्गे विमानात आमच्या जागा पक्क्या केल्या. मग तू म्हणालीस, "तिकीट निघेपर्यंत मी फोन ठेवणार नाही." या वेळी आवाज खाली नव्हता. चाळीस मिनिटं तू फोन धरून होतीस.

नंबर आला तेव्हा तू एकेक आकडा मराठीत सांगत होतीस आणि मी इंग्रजीत त्या मुलीला. शून्य. झीरो. एक. वन. लहानपणी तुला उजळणी म्हणायला लावायचो तशी तू थांबून थांबून सांगत होतीस, मधेच जांभई आवरत. तेराव्या आकड्यावर त्या मुलीने मान वर केली आणि हसली. तुझ्या आईने तिला लाडू दिला. तिने घेतलाही.

तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे तीन वाजून गेले होते. सकाळी तुला कामावर जायचं होतं. त्याच संध्याकाळी विमानतळावर तू आम्हाला घ्यायला आलीस, डोळे लाल, आणि पहिलं वाक्य काय, तर "सॉरी बाबा". मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बोललो काहीच नाही. बोलायला हवं होतं. तू होतीस म्हणून आम्ही पोचलो, मुक्ता. आमच्या वयाच्या दोन माणसांना परमुलुखात इतक्या लांबून हाताला धरून चालवलंस.

ती पट्टी मी आणली आहे. देवघराशेजारच्या ड्रॉवरमध्ये, माझ्या शेवटच्या पासाबरोबर ठेवली आहे. तुझ्या आईने घरी आल्यावर रंग काढले, पंधरा वर्षांनी. फुलंच काढतेय सध्या.

तुझ्या खात्यात आता किती माइल्स उरलेत, मला माहीत नाही. आम्हाला पुन्हा कुठे पाठवू नकोस. दिवाळीला तू ये. वाटेत कुठे उतरायचं असेल तर चार दिवस उतर, पण ये. आणि नुसतं 'कन्फर्म्ड' झालं म्हणून कळवू नकोस. तिकीट निघालं की तेरा आकडे वाचून दाखव, मी इकडे लिहून घेतो.

तुझा,
बाबा