दारफाळणीचा सण

भायखळ्याच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. त्यांचं दार कायम सताड उघडं. खोबऱ्याचा, मासळीचा वास जिन्यापर्यंत यायचा आणि आम्ही पोरं वासामागोमाग आत. वर्षातून एकच दिवस त्या दाराला कडी असे. पावसाळा सरता सरता कधीतरी. आई आधीच बजावून ठेवायची, "आज वर हाका मारत जाऊ नका. आज त्यांची दारफाळणी."

दारफाळणी म्हणजे दार लावून घेणं. मावशींच्या आजीकडे सगळ्या सणांना अशीच नावं होती. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, अनशी धाकाचा सण. ऐकणाऱ्याला वाटावं, अलिबागच्या कुणा आगऱ्या-भंडाऱ्याच्या घरातली गोष्ट चालली आहे. मावशी मात्र बेने इस्रायल, म्हणजे इथल्या यहुदी. त्या सिनेगॉगला 'मशीद' म्हणायच्या, आणि त्यांच्या समाजातले सगळेच तसं म्हणत. मांडवीतली त्यांची जुनी मशीद १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. रेल्वेच्या मशीद स्टेशनाला नाव मिळालं ते याच मशिदीवरून, असं सांगतात. त्या स्टेशनावर रोज उतरणाऱ्या किती जणांना याची कल्पना असेल कोण जाणे.

मावशींना या सणांची दुसरी नावं कळली ती शाळेत. "आजी दारफाळणी म्हणायची, पण त्याचं खरं नाव योम किप्पूर. अनशी धाकाचा म्हणजे पेसाख." 'खरं नाव' हे शब्द त्या जरा ठासून म्हणायच्या. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

त्यांची शाळा म्हणजे माझगावची सर एली कदूरी शाळा. आधी तिचं नाव साधं होतं, इस्रायली शाळा. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती काढली. केहिमकर म्हणजे किहीमचे. कोकणच्या या किनाऱ्यावर नवगावाजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, त्यांचा हा वंश अशी समाजाची समजूत. पुढे ज्या गावात पाय टेकले त्या गावाचा 'कर' नावामागे लागला. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं म्हटलं शनवार तेली. शेकडो वर्षं यहुदीपण टिकलं ते शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे नेम आणि 'शमा' ही एक प्रार्थना एवढ्यावर. पुस्तक नाही, हिब्रू नाही.

हिब्रूचं शिक्षण आलं ते बरंचसं मिशनऱ्यांच्या हातून. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं आणि बेने इस्रायलांची मुलं त्यांच्या शाळांत बसू लागली. आपल्याच बापजाद्यांची भाषा ख्रिस्ती पाद्र्याकडून शिकायची! तो भला माणूस होता, पण कशासाठी शिकवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या मुलांना हिब्रू आपल्याच छपराखाली शिकता यावी, सोबत इंग्रजी यावी आणि पोटापाण्याची सोय व्हावी, ही केहिमकरांची तळमळ होती. लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशन मदत पाठवी, बाकी वर्गणी. या माणसानं समाजाचा इतिहासही लिहून काढला, १८९७ साली. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, तेल अवीवमध्ये. लेखक गेल्यावर त्याचं पुस्तक तिकडे पोचलं आणि पुस्तकामागून त्याची माणसं.

कदूरींचं नाव शाळेला लागलं १९३० च्या दशकात. एली कदूरी बगदादचे, व्यापार हाँगकाँग-शांघायचा, नोकरीची सुरुवात ससूनच्या पेढीत. हे लिहिताना थोडं हसू येतं, कारण मुंबईतले बगदादी यहुदी आणि आमच्या मावशींचे लोक यांच्यात फार सख्य नव्हतं. बगदाद्यांच्या शाळा वेगळ्या, मशिदी वेगळ्या, आणि मराठी बोलणारे, लुगडं नेसणारे हे यहुदी अस्सल का, अशी शंका त्यांच्या मनात असे. तरी इमारतीला पैसा आला तो एका बगदाद्याचा. मावशी म्हणायच्या, "दगड त्यांचे, बाई आमच्या."

बाई म्हणजे रिबेका रूबेन. हुजूरपागेची विद्यार्थिनी. १९०५ साली मॅट्रिकला साऱ्या मुंबई इलाख्यात पहिली आली, तोवर हा मान कुठल्याच मुलीला मिळाला नव्हता. पुढे इंग्लंडला जाऊन शिक्षणशास्त्र शिकली आणि १९२२ पासून १९५० पर्यंत या शाळेची मुख्याध्यापक होती. अठ्ठावीस वर्षं! इतकी शिकलेली बाई कॉलेजात प्राध्यापक होऊन मोकळी झाली असती. ती आपल्या छोट्या समाजाच्या शाळेत राहिली. मावशींच्या बोलण्यात पंतप्रधान, महापौर यायचे नाहीत, रूबेनबाई यायच्या.

मावशींची एक वही मी पाहिली होती. पुढून उघडली की मराठी, मागून उघडली की हिब्रू. मराठी डावीकडून उजवीकडे चाललेली, हिब्रू उजवीकडून डावीकडे, आणि वहीच्या मध्यावर दोन कोरी पानं. १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर निघालेल्या त्यांच्या हगादात, म्हणजे पेसाखच्या पोथीत, हिब्रू आणि मराठी एकाच पुस्तकात नांदतात. वही त्याच वळणाची.

मला वाटतं, वहीची मागची बाजू हळूहळू वाढत गेली आणि पुढची संपली. इस्रायल स्थापन झालं १९४८ साली. रेल्वे, कस्टम, लष्कर, इस्पितळं यांत इमानानं नोकऱ्या करणारी ही माणसं निघाली. गोऱ्या साहेबाचं राज्य गेल्यावर नोकऱ्यांची खात्री उरली नव्हती, हेही कारण होतंच. इथे कुणी त्यांना दगड मारला नाही, जा म्हटलं नाही. पण ज्या मुलाला शाळेनं नव्याच्या सणाचं 'खरं नाव' शिकवलं, त्याला खरं गावही कधीतरी आठवणारच. शाळेनं आपलं काम चोख केलं आणि म्हणूनच ती रिकामी झाली, असं माझं मत आहे. मावशींना ते पटलं नसतं.

मावशी १९६८ च्या सुमारास इस्रायलला गेल्या. दारफाळणीचं दार मग उघडलंच नाही. नंतर तिथे एक रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब आलं. त्यांचंही आडनाव 'कर' नं संपणारं.

बऱ्याच वर्षांनी अश्दोदहून फोन आला. आवाज तोच, मधूनमधून हिब्रू शब्द. तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी मासिक निघतं, हलवा चिकाचाच करतात पण नारळ महाग, मुलीला मराठी समजते, नातवंडांना येत नाही. आणि मग, "शाळा आहे का रे?"

आहे, म्हटलं. आता वस्तीतली सगळ्या जातिधर्मांची मुलं बसतात. तुमची जवळजवळ नाहीत. भायखळ्यातल्या बगदाद्यांच्या जेकब ससून शाळेतही बहुतेक मुलं मुसलमान. मुसा, युसूफ, दाऊद, इब्राहिम, मरियम अशी हजेरी होते.

पलीकडे थोडा वेळ शांत. मग मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळीही साधारण हीच."

त्या गेल्याला आता वर्षं झाली. त्यांच्या आजीच्या सणांची मला आठवतात तेवढी नावं मी वर लिहिली आहेत. आणखी होती. एक शिळा सण होता, दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशीचा, बाकीची माझ्याकडून सुटली. रेवदंडा, चौल, पेण, अलिबागकडे तुमच्या ओळखीत कुणा इस्रायली घरात एखादी म्हातारी असेल आणि तिला येत असतील, तर उतरवून घ्या. वही कुठल्याही बाजूनं उघडली तरी चालेल.